मागच्या सीटचे टाके

मळा, ता. श्रीगोंदा
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

आधी आला तो फटफटीवरचा. तरणा, दाढी कोरलेली, नाव कल्याण. त्याच्या मागून पांढऱ्या जीपमधून उतरले ते त्याचे चुलते पुंजारामशेठ. दगडे, नमस्कार आणि खुशाली मागून लिहिते, आधी हे ऐक, नाहीतर माझ्या पोटात मावायचं नाही. आपल्या दिशाला स्थळ आलंय! न सांगता, न कळवता, सोमवारी दुपारी. मी अंगणात मोटारीची सीट उसवत बसलेली, केसांत काथ्या, हातात दाभण, ओचा वर खोचलेला, आणि दारात पाव्हणे!

मोटारीचं तुला सांगायचं राहिलंच. पार्थनं दिवाळीत जुनी अँबेसिडर आणली, कर्जतच्या एका दलालाकडून. माझा नातू हुशार, पण वस्तू घेताना आधी डोळे मिटतो. बाहेरून काळी कुळकुळीत, आणि आत बघशील तर शेळ्या बांधत असावेत. छताचं कापड लोंबतंय, दाराचे पुठ्ठे पाणी पिऊन फुगलेत, सीटांच्या रेक्झीनला भेगा आणि भेगांतून काथ्या बाहेर. पार्थ दिवसभर शोरूमला कामाला, संध्याकाळी मोबाईलवर बघून बघून एकेक भाग सोडवतो. पहिल्या दिवशी नवं रेक्झीन कापलं ते उलट्या अंगानं. मी म्हणलं, "बाजूला हो बाबा. जन्मभर गोधड्या शिवल्या, मला एक सीट शिवता येत न्हाई व्हय?" तेव्हापासून मोटार बाहेरून त्याची, आतून माझी. छताला बदामी कापड लावलं, मी आणि दिशानं, दिवसभर माना वर करून. त्या चिकटवायच्या सोल्युशनचा वास एवढा की आमची कोंबडी शिंकली. खोटं नाही सांगत, दिशाला विचार.

आणि मागची सीट उलटी केली, तर मला हसूच फुटलं. खालून कुणीतरी हातानं शिवलेली! सुतळी नाही, साडीच्या काठाचे दोरे काढून पीळ दिलेला. दोन बारीक टाके, एक लांब, परत दोन बारीक, एक लांब. आणि ओळ संपली की दोरा मागं वळवून गाठ आतल्या अंगाला. अगं, तुझीच शिवण! तुमची टोळी आमच्या उसाच्या तोडीला यायची, तेव्हा तुझ्या पाचटाच्या कोपीपुढं गोधडी पसरून आपण बसायचो, आणि मी तुझ्याशी भांडायचे, की मधेच ही लांब उडी कशाला मारतेस. तुझ्याशिवाय मी ती कुणाची पाहिली नव्हती. म्हणलं, जगात आणखी एक दगडाबाई आहे तर! पार्थच्या मागं लागले, दलालाला फोन लाव, ज्यांची मोटार होती त्यांच्याकडं शिवणारी कोण ते विचार, मला त्या बाईला भेटायचंय. त्यानं शनिवारी फोन लावला. सोमवारी हे दारात.

पुंजारामशेठ बाजेवर बसले. मी चहा विचारला तर चहा घेत नाहीत. ताक दिलं. तर माणसानं ताकात साखर मागितली! मीठ नाही, जिरं नाही, साखर. मी मनात म्हणलं, जावयाच्या घरची रीत असेल, आपण कशाला हसा.

मग म्हणाले, "मोटार इकली पन जीव अडकलाय तिच्यात. मागची सीट कुनी उसवली?"

"मीच की."

"खालची शिवन आमच्या आईच्या हातची हाय. आई जाऊन आठ वरसं झाली. तेवढी सीट परत द्या आजी, तुमाला नवी आनून देतो."

तेवढ्यात तो कल्याण म्हणाला, "व्हय, वहिनीनं दसऱ्याला..." आणि शेठनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. पोरगं गप. मी म्हणलं, बरं आहे, घरात मोठ्यांचा धाक आहे.

मग विचारपूस. घरात कोण कोण, मुलगा-सून कुठं असतात, दिशा कुठल्या कॉलेजात, कशानं जाते, संगं मैत्रिणी असतात का. तिथंच मी ओळखलं. सीटचं आपलं निमित्त! आमच्या वेळी गाय बघायला म्हणून यायचे आणि पोरगी बघून जायचे. मीही काही हातचं राखलं नाही. मुलगा-सून नाशकाला नोकरीला, पार्थ दिवे लागल्याशिवाय येत नाही, दिशा सातच्या एस्टीनं जाते, फाट्यावर एकटीच उभी असते, भित्री नाही बरं का आमची पोर, सगळं सांगितलं. जाताना कल्याणनं मोबाईलवर आमच्या घराचे फोटो काढले, अंगणाचे, परसदाराचे. हौशी माणसं. परत येतो म्हणालेत.

दिशाला सांगितलं तर ती पायच आपटायला लागली. "आजी, कुठली कोण माणसं, आणि तू त्यांना माझी एस्टी सांगितलीस?" मी म्हणलं, तुझ्या आजोबांनी मला बघितलं तेव्हा मी शेण थापत होते, त्यापेक्षा एस्टी बरी.

सीट अजून दिलेली नाही. पार्थला विचारून देते म्हणाले. तुझ्या कानाला फोन चालत नाही ते एका अर्थी बरंच, चौथीपर्यंत शिकले ते या निमित्तानं हाताला लागतं. तुझ्या पंकजाचं काही कळलं का गं? आज्जीला एवढा लळा लावून पोरगी गेली. त्या ट्रकवाल्याबरोबर कुठं का असेना, सुखात असली म्हणजे झालं.

तुझी
गोजरबाई


वस्ती, ता. पाथर्डी
रविवार, १६ नोव्हेंबर

गोजरअक्कास दगडाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. अक्षर मला पंकजानंच शिकवलं, कोपीत, चुलीच्या उजेडात.

अक्का, ताकात साखर घालणारा मानूस मी एकच बघितला. पुंजाराम मुकादम. आमच्या वस्तीवरल्या टोळ्या आता तोच नेतो. तुमच्याकडं आमी यायचो तवा मुकादम दुसरा व्हता, म्हनून तुमी याला वळखत न्हाई. दोन वर्सांमागं पंकजा चुलत्यासंगं याच्याच टोळीत गेलती. अजून अठराची झाली नव्हती. टोळीचा तळ श्रीगोंद्याच्याच अंगाला व्हता. एक दिवस सकाळी पोरगी कोपीत न्हाई. मुकादम म्हनला, ट्रकवाल्यासंगं पळाली, मी डोळ्यानं बघितलं. पोलिसात बी त्यानंच पुढं हुन सांगितलं. समद्यांनी माना हलवल्या. तुमी बी हलवली. मी कशाच्या जोरावर न्हाई म्हनू? माझ्यापाशी काय व्हतं?

आता हाय. दोन बारीक, एक लांब, गाठ आतल्या अंगाला. ती माझ्या आयची शिवन. मी ती एकट्या पंकजाला दिली. माझ्या सुनंला सुदिक येत न्हाई. आन मुकादमाची आय मी बघितलीय, लकव्यानं तिचे दोनी हात गेलते. ती कुठून सीट शिवती?

अक्का, ते दिशाला बघाया न्हाई आले. तुमी काय वळखलं ते बघाया आले. तुमी दलालाला इचारलंत म्हनून आले. दिशाला फाट्यावर एकटी धाडू नका. सीट देऊ नका.

आन एक करा. आमच्यात गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत चिमूटभर बाजरी टाकत्यात, पांघरनारा उपाशी राहू नये म्हनून. तुमी हसायचा, उंदराला जेवन कशाला घालती म्हनायचा. सीटंची शेवटची गाठ जितं हाय तितं चाचपून बघा. बाजरी असली तर कळवा. नसली तर मला काय लिहू नका, मी समजून घेईन.

मुकादमाला कळू देऊ नका. आपन वळखलं असं त्याला वाटलं की त्यो पोरीला हलवील. डिसेंबर लागला की त्याच्या गाड्या कर्नाटकातल्या कारखान्यांला निघत्यात. पोरगी तिकडं गेली तर मी म्हातारी तिला कुठं हुडकू?

दगडाबाई


मळा, ता. श्रीगोंदा
बुधवार, १९ नोव्हेंबर

दगडाबाई, बाजरी आहे.

दार लावून घेतलं, सीट मांडीवर घेतली, शेवटची गाठ हाताला लागली. तिथला काथ्या बोटानं बाजूला केला, तर आत चिंधीत पुरचुंडी. ब्लेडनं उसवताना बोट कापलं, आणि मला कळलंही नाही, लुगड्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. दाणे तळहातावर घेतले. मी बाजरीत जन्मले, बाजरीत म्हातारी झाले. जुनी बाजरी पांढुरकी पडते, तिला कीड लागते, हाताला पीठ लागतं. ही हिरवट, टणक. एक दाणा दाताखाली धरला तर गोड. ही याच सुगीची बाजरी आहे, दगडे! म्हणजे यंदाच्या दसऱ्याला तुझी पंकजा जिवंत होती, आणि तिच्या हातात सुई होती. त्या कल्याणच्या तोंडून 'वहिनीनं दसऱ्याला' निघालंच होतं की, ती वहिनी म्हणजे आपली पंकजाच! आठ वर्षांमागं गेलेल्या म्हातारीनं यंदाची बाजरी कुठून आणली? मी एकटीच हसत बसले, हसता हसता रडले, कोंबडी माझ्याकडं बघत राहिली.

मग मी त्या माणसांना काय काय सांगून बसले ते आठवलं.

दिशाची एस्टी मी सांगितली. घरात दिवसा बाप्या माणूस नसतं ते मी सांगितलं. परसदार मी हसून दाखवलं. तुझं पत्र यायच्या आधीच, सोमवारी सकाळी, कल्याण फाट्यावर उभा होता. दिशाजवळ येऊन म्हणाला, "आजीनं सीट शिवली का?" बस, एवढंच. परत काल तेच, "आजीनं सीट शिवली का?" पोर घरी आली ती पांढरीफटक. आता पार्थ तिला गाडीवर सोडतो आणि आणतो. आमचं कुत्रं रविवारपासून दिसत नाही. कुत्रं जातं कधी कधी, दोन दिवसांनी येतं, असं मी दिशाला सांगते. मला सांगायला कुणी नाही. परसदाराला मी पाट्यावरवंट्याचा दगड लावलाय.

तू सांगू नको म्हणालीस, पण पार्थ आणि दिशाला सांगावं लागलं, घरातल्या घरात कसं लपवणार? पार्थ तर उठलाच. "चार पोरं घेतो आन कर्जतला जातो." मी म्हणलं, कर्जतला कुठं? दलाल त्या मुकादमाच्या वस्तीचा पत्ता सांगत नाही, उलट रोज फोन करून मोटार परत द्या म्हणतो. तुम्ही चार पोरं चौकाचौकात विचारत हिंडणार, आणि तोवर पोरगी कर्नाटकात.

दिशाच्या कॉलेजात एक पोलीस बाई येऊन बोलून गेल्या होत्या, मोनिका नाव. पोरीनं नंबर जपून ठेवला होता. आज सकाळी त्या साध्या साडीत आल्या, हळदीकुंकवाला आल्यासारख्या. मी त्यांना बाजरी दाखवली. वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, मुकादमाचं पाथर्डीतलं घर माहीत हाय, त्याची कर्जतकडची वस्ती कागदावर कुठंच न्हाई. आमी शोधतो. पन शोधतोय हे त्याला कळलं तर मुलगी हलवतील. ती डोळ्यापुढं आली पायजे, आन तिनं बोललं पायजे."

ती डोळ्यापुढं कशी येणार, तेच सुचत नाही. सीट मी दोन गोधड्यांत गुंडाळून ओसरीवर ठेवली आहे, वर माझी उशी. रोज तिच्यावरच बसते. पुरचुंडीतले थोडे दाणे पत्रात घातलेत. सांभाळून उघड.

गोजरबाई


वस्ती, ता. पाथर्डी
शनिवार, २२ नोव्हेंबर

अक्का,

दाने पोचले. एक तोंडात धरलाय. चावला न्हाई.

मी आजच निघनार व्हते. लुगडं सुदिक पिशवीत भरलं. तवर मुकादमाचा मानूस दारात. म्हनला, "म्हातारे, श्रीगोंद्याला तुझ्या वळखीचं कोन हाय का?" अक्का, मी आयकलंच न्हाई असं दाखवलं. त्यानं परत इचारलं. मी कानाला हात लावला, "आं? आं?" करत राह्यले. त्यो कानात वरडला. मी म्हनलं, "व्हय व्हय, शेरडी इकायची हाय." शिवी घालून गेला. कान गेले म्हनून मी इतकी वर्सं रडले, आज त्येंनीच वाचवलं.

पन अक्का, त्यो जोडाया लागलाय. तुमचा टाका आन माझी वळख. अजून पुरतं जोडलं न्हाई.

आता टपालानं लिहू नका. इथं पत्र दारात यायच्या आधी चार जनांच्या हातातून येतं. भीमाची जीप रोज नगरला जाती, त्यो माझ्या भनीचा नातू, तोंडाचा घट्ट. पार्थला नगरच्या स्टँडवर त्याच्याकडं द्याया सांगा.

मला एक ठावं हाय मुकादमाचं. त्याला चारचौघांतली इज्जत लई प्यारी. लगीन, बारसं, मयत, समद्यात पुढं. पन सवताच्या वस्तीवर त्यानं भाईरचं मानूस कधी येऊ दिलं न्हाई. आमी टोळीतले सुदिक कधी गेलो न्हाई, वस्ती कुठं ते बी आमाला कुनी सांगितलं न्हाई. लोक म्हनायचे शेठचा सोभाव. आता कळतंय.

आन अक्का, भ्या मला एकाच गोष्टीचं वाटतं. दोन वर्सं त्यांच्या घरात काढल्यावर पोरगी बोलंल का? लहानपनी इंचू चावला तरी ती घंटाभर बोलली नव्हती, मी काम सोडून येईन आन हजेरी बुडंल म्हनून. तसली पोर हाय.

दगडाबाई


मळा, ता. श्रीगोंदा
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दगडे,

काल आले. मी हे पत्र पार्थकडं देते आहे, भीमाकडून तुझ्या हातात पडेल. वाचून झालं की चुलीत घाल, आणि सगळं नीट वाच, कारण तुला करायचं आहे.

या वेळी पुंजाराम पुढं, कल्याण मागं, आणि जीपमध्ये आणखी एक जण बसून राहिला, तो उतरलाच नाही, इंजन चालू ठेवून बसला. दिशा घरात होती. पार्थ कामाला. मी हसले. दगडे, आयुष्यात एवढं अवघड हसणं मी हसले नव्हते, सासू मेली तेव्हा रडणंसुद्धा सोपं गेलं होतं. "या या या! मी म्हनलं अजून कसे आले न्हाईत!" आणि ओसरीवर गोधड्यांची बैठक होती तिथं त्याला बसवलं. ज्या सीटसाठी आला तिच्यावरच बसला, आणि विचारतो कसा, "आजी, सीट कुठं हाय?"

"हाय की, जपून ठेवलीय. आधी ताक घ्या."

साखर मी न मागता घातली.

मग मी बोलायला लागले. तुला माहीत आहे मी बोलायला लागले की काय होतं. म्हणलं, स्थळ आम्हाला पसंत आहे. त्यानं कल्याणकडं बघितलं. कल्याण लाजला, मेला. म्हणलं, मुलगा-सुनेला नाशकाला फोन केला, ते पण राजी आहेत. फक्त एक अडलंय.

"काय अडलं?"

"अवो, पुरुष दोनदा येऊन गेले, बाई एक सुदिक आली न्हाई. आमच्यात बाईमानसानं येऊन पोरीच्या शेजारी बसल्याबिगर पुढचं बोलनं हुत न्हाई. शेजारपाजारी मला नावं ठेवाया लागलेत."

"आमची मंडळी वारली. घरात बाई न्हाई."

"मग ती वहिनी?" मी म्हणलं. "मागल्या बारीला हा कल्याण म्हनला ना, वहिनी म्हनून?"

आत दिशाच्या हातून पातेलं पडलं. पुंजारामनं पेला खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिला, अगं, विहिरीत वाकून बघावं तसं. मी पण त्याच्याकडं बघत राहिले, तोंडभर हसू धरून. माझ्या गालाला कळ लागली.

"ती आजारी असती," तो म्हणाला. "भाईर पडत न्हाई."

तो वस्तीवर कुणाला येऊ देत नाही हे तू लिहिलेलं माझ्या डोक्यात होतं. मी टाळीच वाजवली. "मग सोप्पं झालं! आमीच येतो. तसं बी घर बघाया यायचंच हाय, पोर द्यायची तर घर बघाया नको? शेजारच्या सगळ्या बायका तयारच हायेत, टेम्पो ठरवते, सूनबाईला बघून बी हुईल, तिच्या तब्येतीचं बी इचारून हुईल. वस्ती कुठंशी म्हनालात?"

दगडे, त्याचा रंग उतरला. "न्हाई न्हाई. लांब हाय. रस्ता खराब हाय."

"आमी शेतकऱ्याच्या बायका, रस्त्याला कुठं भेतो? आन घर न बघता पोर दिली म्हनलं तर माझा मुलगा मला घरात ठेवायचा न्हाई. एकतर तुमची सूनबाई हितं, न्हाईतर आमी समद्या तितं. रीत हाय ती, मी काय मनानं सांगत न्हाई."

त्यानं बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मी पाहिलं, तो मोजत होता. टेम्पोभर बायका त्याच्या दारात, की एक घाबरलेली पोर माझ्या दारात. शेवटी म्हणाला, "आन सीट?"

"सीटंचा एक कोपरा राह्यलाय. तुमच्या आईसारखा टाका मला काय जमत न्हाई बाई. वहिनी आली की तिच्याच हातानं पुरा करून घेऊ, मग जावा घेऊन."

उठला. आणि चपला घालता घालता, हळू, अगदी मायेनं म्हणाला, "पोर गुनाची हाय तुमची. नातू सोडाया जातो आता तिला, व्हय? रोजच जमंल का त्याला?"

मी म्हणलं, "जमवंल की." जीप वळेपर्यंत हसत हात हलवत राहिले. मग तिथंच खाली बसले ते दिशानं दोन्ही खांद्यांना धरून उठवलं तेव्हा उठले. दिशा म्हणाली, "आजी, तू आता मला खरंच देऊन टाकशील असं वाटलं." आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिला हुंदका आला.

आता ऐक. मोनिका दिशाची मावशी म्हणून बसेल, हातात हिरव्या बांगड्या, पुढं तांदळाची परात. आणखी दोघी पोलीस शेजारच्या बायकांत. दोन पोलीस कारागीर होऊन मोटारीत, दाराचे पुठ्ठे बसवत. पुठ्ठे खरंच बसवायचे राहिलेत, पार्थनं त्यांना दाखवून ठेवलंय, त्यातला एक तर चांगला हात चालवतो. मोटार आतून अशी झाली आहे दगडे, दुसरी वेळ असती तर तुला पाच पानं लिहिली असती.

मला दोन भीती आहेत. एक, ते दुसरीच कुणी बाई वहिनी म्हणून आणतील. त्याचं मी बघते. येईल तिच्या हातात दाभण देईन, दोन बारीक टाक्यांनंतर लांब पडला की मला कळेल. दुसरी तुझीच भीती, ती बोलेल का. मोनिका म्हणते, तिनं भरल्या अंगणात "मी सुखात हाय" म्हणलं तर पुढं अवघड आहे. मी तिला कितीही विचारलं तरी तिच्या लेखी मी एक ऊसवाली आजी. ती माझ्यापुढं तोंड उघडायची नाही.

तुझ्यापुढं उघडेल. म्हणून तू ये. सोमवारीच ये, भीमा तुला थेट मळ्यात सोडील, अंधार पडायच्या आत, डोक्यावर पदर घेऊन. कुणी विचारलं तर शेरडी विकायला चाललीस. आतल्या खोलीत चुलीपाशी बसायचं, मी हाक मारीपर्यंत हूं की चूं करायचं नाही. तुला हाक ऐकू येणार नाही हे मला ठाऊक आहे, दिशा तुझा हात धरून उठवील. मग बाहेर यायचं आणि पंकजाच्या समोर बसायचं. काही बोलू नकोस, रडू नकोस, नुसती तिच्यापुढं बस. मुकादम तिथंच असेल. त्याच्याकडं बघायचं नाही.

काम बुडेल म्हणून जी पोर विंचू चावला तरी गप राहिली, तिला एवढं दिसलं पाहिजे की आज्जी सगळं काम सोडून आली आहे. एवढ्यावरच सगळं आहे, दगडे. मला रात्र रात्र झोप नाही, आणि तरी सकाळी उठून अंगणभर सडा घालते, घरात लग्न असल्यासारखं.

भाकरी बाजरीची करते त्या दिवशी. तिला आवडायची ना?

जाताना त्यानं दिवस स्वतःच्या तोंडानं सांगितलाय. जीपमध्ये बसता बसता कल्याणला विचारून ठरवला. मंगळवारी, दोन तारखेला, जेवणाच्या आधी, वहिनीला घेऊन येतो म्हणालेत.